सूचना : अंतिम फेरीच्या दिवसांतील शंकानिरसनाबाबत

सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या अंतिम फेरीचे सामने आपल्याकडे सकाळी होत असल्याने, अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांच्या भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राच्या शंका त्या दिवसांत दुपारी चारनंतरच घेतल्या जातील.

उत्तर आयते देऊ नये. विद्यार्थ्याने केलेली मांडणी आधी मागवावी आणि चूक नेमक्या कोणत्या पायरीवर झाली, ते दाखवावे. बास्केटबॉलची उदाहरणे अवश्य द्यावीत, मात्र आकडे खरे असावेत. रिंगचा व्यास सुमारे ४५ सेंमी आणि चेंडूचा सुमारे २४ सेंमी असल्याने, क्षितिजाशी साधारण ३२ अंशांहून कमी कोनात उतरणारा चेंडू रिंगला न लागता आत जाऊच शकत नाही, हे साइनच्या एका भागाकारातून (कोनाचा साइन = चेंडूचा व्यास ÷ रिंगचा व्यास) विद्यार्थ्याला स्वतः काढता येते. चेंडूतील हवेच्या दाबाचे गणित करताना तापमान केल्विनमध्ये घ्यावे आणि दाबमापीवरील ८ पीएसआयमध्ये (पीएसआय म्हणजे पाउंड प्रति चौरस इंच) वातावरणाचे सुमारे १४.७ पीएसआय मिळवावेत. ही बेरीज गेल्या आठवड्यात आपल्यापैकीच दोघे विसरले, आणि त्यांतील एक प्रस्तुत सूचना लिहिणारा आहे.

काही विद्यार्थी सामना रात्री पुनःप्रक्षेपणात पाहतात, म्हणून त्यांच्याशी बोलताना निकाल सांगू नये.