हवेचा पृथ्वीगोल उन्हात ठेवा

महोदय,

सुट्टीत हवा भरायचा पृथ्वीगोल घरी येतो आणि दोन दिवसांत नुसता चेंडू होऊन जातो. खेळू द्यावेच, पण या गोलाला स्टँड नसतो, हा त्याचा मोठा गुण वाया जाऊ देऊ नये. शाळेतला गोल साडेतेवीस अंशांत कललेला. त्यावर नाशिक माथ्यावर आणता येत नाही. यावर येते.

गोल ४० सेंटिमीटर व्यासाचा असावा. सकाळच्या गारव्यात, जोडावरच्या सुरकुत्या जाईपर्यंतच हवा भरावी. कमी भरली तर खंड वेडेवाकडे दिसतात. टम्म भरून उन्हात ठेवला तर आतली हवा प्रसरण पावून जोड सुटतो. सायकलचे पंक्चरचे ठिगळ या प्लॅस्टिकवर टिकत नाही. नाशिकच्या जागी, २० अंश उत्तर आणि ७४ अंश पूर्वच्या किंचित अलीकडे, बारीक टिकली लावावी. टाचणी मुळीच नको.

अंगणात पाटावर जुन्या पंचाची ताटाएवढी रुंद चुंबळ करावी; लहान चुंबळीवरून गोल वाऱ्याने घरंगळतो. टिकली बरोबर माथ्यावर आणि उत्तर ध्रुव उत्तरेकडे. टिकलीवर पट्टी आडवी टेकवून ती जमिनीला समांतर आहे ना, हे बघावे. एवढे जमले की गोलाचा ध्रुव आपोआप क्षितिजापेक्षा २० अंश वर रोखला जातो, म्हणजे रात्री ध्रुवतारा दिसतो तिकडेच. आता गोलावर जिथे ऊन, तिथे त्या क्षणी खरोखर दिवस आहे.

टिकलीवर चिमूटभर कणीक लावून त्यात काडेपेटीची अर्धी काडी उभी करावी, शेजारी जमिनीत सरळ काठी. दोन्ही सावल्या एकाच दिशेला पडतात. नाही पडल्या तर गोल हलला आहे. २० मेच्या सुमारास दुपारी साडेबाराला दोन्ही सावल्या नाहीशा होतात. बाराला नव्हे, कारण आपले घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखावृत्ताचे आणि नाशिक त्याच्या बरेच पश्चिमेला. त्याच वेळी लंडन उजेडात असते, न्यूयॉर्क अंधारात. मुलांनी हे गोलाभोवती फिरून स्वतः शोधावे, आपण आधी सांगू नये. जुलैतही सूर्य असाच डोक्यावर येतो, पण तेव्हा ढग असतात.

झेलाझेलीही शिकवते. झेलल्यावर उजव्या हाताची तर्जनी पाण्यावर की जमिनीवर, ते लिहायचे. बोट आधीच ठरवावे, नाहीतर मुले सोयीचे बोट दाखवतात. गोल फिरवून टाकला तर ५० झेलांत साधारण ३५ वेळा पाणी येते. १० झेलांवर मात्र भरवसा ठेवू नये.

विकत घेताना भारताची सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणे आहे का आणि आयएसआय चिन्ह आहे का, ते पाहावे. शाळांनी जूनमध्ये साहित्य घेताना असे दोन गोल घ्यावेत, एक खेळायला आणि एक टिकली लावून ठेवायला.

– एक भूगोल शिक्षिका, नाशिक रोड