संध्याकाळी घरी जाणाऱ्या रुग्णांसाठी: सार्वजनिक आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

माननीय महोदय,

सविनय नमस्कार. शासकीय रुग्णालयांत अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) आणि पुढे परिसेविका (वॉर्डची प्रमुख सिस्टर) म्हणून काम करून मी निवृत्त झाले आहे. मोतीबिंदू, हर्निया, हायड्रोसील (अंडकोशात पाणी साचणे), दुर्बिणीद्वारे होणारी कुटुंब नियोजन शस्त्रक्रिया अशा अनेक शस्त्रक्रियांचे रुग्ण आता सकाळी दाखल होऊन संध्याकाळी घरी जातात. हे चांगलेच आहे. मजुरी बुडत नाही आणि म्हातारे माणूस आपल्या अंथरुणात झोपते. मात्र रुग्ण एक दिवसच राहतो म्हणून परिचारिकेचे कामही कमी झाले, असे गृहीत धरून तिच्या नेमणुका होतात, आणि त्याबद्दल मला आपल्याशी बोलायचे आहे.

पूर्वी चार दिवसांत होणारी शुश्रूषा आता सात-आठ तासांत बसवावी लागते. रुग्ण खरोखर उपाशीपोटी आला आहे का, रक्त पातळ होण्याची गोळी बंद केली आहे का, घरी रात्री सोबत कोण असेल, हे सारे तिनेच विचारायचे असते. शस्त्रक्रियेनंतर घरी सोडण्यासाठी रक्तदाब व नाडी, चालणे, मळमळ, वेदना आणि रक्तस्राव अशा पाच बाबींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण देऊन दहापैकी किमान नऊ गुण पाहण्याची पद्धत जगभर रूढ आहे. ही तपासणी पुन्हापुन्हा करावी लागते. आणि तीच परिचारिका त्याच वेळी पूर्ण वॉर्ड सांभाळत असेल, तर तिच्याकडून ती कशी व्हावी?

एका रुग्णालयातला एक प्रसंग मला अजून टोचतो. कमरेतून भूल देऊन हर्नियाची शस्त्रक्रिया झालेल्या एका शेतकऱ्याला सायंकाळी शेवटची एसटी चुकू नये म्हणून घाईने घरी सोडले गेले. अशा भुलीनंतर काही तास लघवी तुंबू शकते, हे आम्हाला ठाऊक होते. त्याला लघवी झाली का, हे मात्र कोणी विचारले नाही. त्या दिवशी कामावर मीही होते. मध्यरात्री तो असह्य वेदनेने तळमळत जीपमधून परत आला. नळी घातल्यावर त्याला पाच मिनिटांत आराम पडला, पण एका प्रश्नाने ती संपूर्ण रात्र वाचली असती.

घरी गेल्यावर काय घडू शकते, याचे याहून भयंकर उदाहरण २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यात दिसले. नसबंदी शिबिरातील स्त्रिया घरी परतल्यावर अत्यवस्थ झाल्या आणि अनेकींचा मृत्यू झाला. कारणांविषयी वाद झाले, तरी त्रास सुरू झाला तेव्हा त्या रुग्णालयापासून दूर होत्या, हे निर्विवाद आहे. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे टप्प्याटप्प्याने बंद करण्यास सांगितले.

एका दिवसाच्या शस्त्रक्रियेचे आद्य पुरस्कर्ते मानले जाणारे ग्लासगोचे जेम्स निकोल यांनी १९०९ मध्ये बालकांवरील ८,९८८ शस्त्रक्रियांचा अनुभव मांडला. सिस्टरच्या सल्ल्याने आईने घरीच शुश्रूषा केली तर बाळ बरे होते, असा त्यांचा भरवसा होता. तो सल्ला देणारी सिस्टर आपण आज वजा केली आहे.

म्हणून माझी विनंती आहे की, ज्या उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयांत अशा शस्त्रक्रिया होतात, तेथे त्या दिवशी केवळ याच रुग्णांसाठी स्वतंत्र अधिपरिचारिका असावी, आणि घरी सोडण्याच्या नोंदीवर तिची सही झाल्याखेरीज रुग्ण बाहेर जाऊ नये. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनेच फोन करून विचारपूस करावी, आणि आशाताईंना आदल्या संध्याकाळीच कळवले जावे. डोळ्यात थेंब कधी घालायचे, किंवा डोळा दुखून लाल झाल्यास न थांबता रुग्णालयात यायचे, हे डिस्चार्ज कार्डावरील इंग्रजी अक्षरांतून एकट्या राहणाऱ्या आजीला कळत नाही. ते मराठीत छापून द्यावे आणि तिच्याकडून परत वदवून घ्यावे. यासाठी मोठे यंत्र लागत नाही, पण मंजूर रिक्त पदे भरावी लागतील.

येत्या पदभरतीत या कामासाठी वेगळी तरतूद करण्याबाबत आपण आदेश द्यावेत, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका