हिब्रू-ग्रीकची वाट मराठीतून का नको?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी सांगलीतली एक निवृत्त संस्कृत शिक्षिका. चौतीस वर्षे आठवी ते दहावीच्या वर्गांना संस्कृत शिकवले. हे पत्र मात्र बायबलच्या मूळ भाषांविषयी, म्हणजे हिब्रू आणि ग्रीकविषयी आहे. या भाषांशी माझा संबंध कसा आला ते आधी सांगते.

माझी एक विद्यार्थिनी मिरजेची. वडील एका रुग्णालयात वॉर्डबॉय, आई घरोघरी पोळ्या लाटायची. दहावीला संस्कृतमध्ये शंभरपैकी शहाण्णव. बी.ए. झाल्यावर ती ख्रिस्ती धर्मशास्त्राची बी.डी. ही पदवी करायला परगावी सेमिनरीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या महाविद्यालयात गेली. पहिल्याच दिवाळीच्या सुट्टीत संध्याकाळी दारात उभी. हातात जाडजूड इंग्रजी पुस्तक, डोळे रडून लाल झालेले. "बाई, हिब्रूत नापास झाले. मला नाही जमणार हे. परत येते मी."

मी म्हटले, "आधी आत ये. पुस्तक दाखव. कुठं अडलंय?"

मला तेव्हा हिब्रूचे एक अक्षरही येत नव्हते. तिने एका मथळ्यावर बोट ठेवले: कन्स्ट्रक्ट स्टेट. इंग्रजी व्याख्या तिला तोंडपाठ होती, अर्थ कळला नव्हता. मी म्हटले, व्याख्या राहू दे, उदाहरण सांग. ती म्हणाली, 'बयित' म्हणजे घर, 'लेहेम' म्हणजे भाकरी. दोन्ही शेजारी आले की 'बयित'चे 'बेथ' होते. बेथलेहेम, म्हणजे भाकरीचे घर. मी तिच्याच वहीच्या मागच्या पानावर लिहिले: घोडा, घोड्याचा लगाम. "यात काय बदललं?" "घोडा." "म्हणजे आपल्यात ज्याची वस्तू आहे त्याचा शब्द बदलतो. तुझ्या हिब्रूत कोण बदलतं?" ती क्षणभर थांबली. "बाई, वस्तू बदलते! मालक आहे तसाच राहतो." ज्याला आपण चौथी-पाचवीपासून सामान्यरूप म्हणतो, ते तिथे पलीकडच्या शब्दाला होते, एवढाच फरक. दोन महिने न कळलेला धडा दहा मिनिटांत संपला.

त्या रात्री आम्ही साडेदहापर्यंत बसलो. तिच्या आईला फोन करून सांगावे लागले की पोरगी इथेच जेवेल.

हिब्रूत 'लामद' म्हणजे तो शिकला आणि त्याच धातूपासून 'लिम्मेद' म्हणजे त्याने शिकवले. इंग्रजीत शिकणे आणि शिकवणे यांना दोन निराळे शब्द, त्यामुळे इंग्रजी पुस्तकाला हा संबंध समजावून सांगावा लागतो. मराठी मुलीला त्यात समजावण्यासारखे काय आहे? बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव आदामाला 'मोत तामूत' असे बजावतो. एकच धातू दोनदा येतो, शब्दशः 'मरणे मरशील'. मराठीत आपण एक 'च' लावून मोकळे होतो: मरशीलच. संस्कृतवाल्यांना तर णमुल् हा प्रत्यय आठवेल, 'समूलघातं हन्ति', मुळासकट मारतो. हिब्रूत डोळे, हात, पाय अशा जोडीच्या गोष्टींना द्विवचन आहे: एनायिम, यादायिम, रगलायिम. नेत्रे, हस्तौ, पादौ घोकलेल्या मुलीला द्विवचन नवे नाही. हिब्रूतले 'त्सादे' हे अक्षर कसे म्हणायचे यासाठी इंग्रजी पुस्तक 'कॅट्स' या शब्दाच्या शेवटाकडे बोट दाखवते. आपल्या 'चाक'मधला च म्हटला की झाले.

आणि शब्द! हिब्रू ही अरबीची बहीण, आणि अरबीतून फारसीमार्गे कितीतरी शब्द आपल्या घरात आलेले आहेत. हिशेब हा तिथे 'हेशबोन', कबर ही 'केवेर', सलाम हा 'शालोम', वारस हा 'योरेश', मयत हा 'मेत'. आपला मालक तिथे 'मेलेख' होतो, म्हणजे राजा. तिची आई रोज जे शब्द बोलते त्यांचे भाऊबंद तिच्या पोरीला परीक्षेला होते, आणि ते तिला कुणी सांगितले नव्हते.

दुसऱ्या वर्षी ती ग्रीक घेऊन आली. नव्या कराराची, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाची ग्रीक ही त्या काळच्या बाजारातली, बोलण्यातली ग्रीक, तिला कोइने म्हणतात. 'दिदोमि' म्हणजे मी देतो. मी 'ददामि' म्हटले आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. 'तिथेमि' म्हणजे मी ठेवतो, आपले 'दधामि'. धातूचे पहिले अक्षर दोन्हीकडे दुणावते. भूतकाळात आपण धातूच्या आधी 'अ' लावतो, ते 'ए' लावतात. इंग्रजी पुस्तक ज्याला मिडल व्हॉइस म्हणून चार पाने खर्च करते, ते आपले आत्मनेपद, क्रियेचे फळ करणाऱ्याकडेच येते तेव्हाचे रूप. पाणिनीच्या परंपरेने ही सगळी परिभाषा आपल्या हाती कधीच दिलेली आहे. इंग्रजीला ती लॅटिनमधून उसनी घ्यावी लागली, आणि आपण ती इंग्रजीतून उसनी घेतो आहोत.

माझे म्हणणे एवढेच आहे. बायबलच्या मूळ भाषांचे पदवी आणि पदव्युत्तर पातळीवरचे शिक्षण मराठीतून घेता आले पाहिजे, आणि त्यासाठी लागणारी सामग्री आपल्यापाशी आहे.

हे मनोराज्य नव्हे, पूर्वी घडून गेलेले आहे. १८३२ साली मुंबईत जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यांनी हिब्रूचे प्राथमिक व्याकरण मराठीतून छापले. कोकणातल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू मुलांना त्यांच्या धर्माची भाषा त्यांच्याच बोलीतून शिकता यावी म्हणून. पुण्यात १८७४ साली ज्यूंच्या वल्हांडण सणाला वाचायची पोथी, हागादा, हिब्रू आणि मराठीत शेजारी-शेजारी छापली गेली. जोसेफ इझिकिएल राजपूरकर या बेने इस्रायली पंडितांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या आणि ते मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षकही होते. बंगालमधल्या ज्या सेरामपूरच्या पदव्या आज देशभरातल्या अनेक सेमिनऱ्यांत दिल्या जातात, तिथले महाविद्यालय १८१८ मध्ये काढणाऱ्यांपैकी एक विल्यम कॅरी. त्यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली मराठीचा कोश केला होता.

पण मला सगळ्यांत जवळच्या वाटतात त्या पंडिता रमाबाई. संस्कृतच्या बळावर १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांकडून 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळवलेली ही बाई पुढे केडगावला मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खे बायबल मराठीत आणायला बसली. साध्या बायकांना वाचता यावे असे मराठी त्यांना हवे होते. तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशन या संस्थेच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याही बायकाच होत्या. कानांनी साथ सोडली, प्रकृती ढासळली, तरी काम चालू राहिले. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या तेव्हा अनुवाद पुरा झालेला होता, आणि १९२४ साली तो प्रसिद्ध झाला. सांगलीहून पुण्याला रेल्वेने जाताना केडगाव लागत नाही, ते दौंडच्या वाटेवर आहे. मी मुद्दाम तिकडे जाऊन आले.

आज पुण्यात दोन मोठ्या संस्था आहेत. यवतमाळहून १९८३ मध्ये आलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी आणि श्रीलंकेतल्या कँडीहून १९५५ मध्ये आलेले ज्ञानदीप विद्यापीठ. तिथल्या विद्वत्तेविषयी मला आदर आहे. देशभरातून, वेगवेगळ्या भाषांतून मुले येतात म्हणून इंग्रजी माध्यम, हेही समजते. पण मिरजेच्या, जतच्या, वाईच्या मराठी शाळेतून निघालेल्या मुलाला आधी इंग्रजीचा आणि मग हिब्रूचा असे दोन डोंगर का चढायला लावायचे?

गेल्या वर्षी मी एका शिक्षणसंस्थेकडे गेले होते. शनिवारी दुपारी एक वर्ग रिकामा द्या, मी आणि माझी विद्यार्थिनी विनामूल्य हिब्रू आणि ग्रीकची ओळख करून देतो, संस्कृतच्या मुलांनाही उपयोग होईल, असे म्हटले. उत्तर मिळाले, "बाई, तुमच्याबद्दल आदर आहे, पण धर्माचा विषय नको." नात्यातल्या एकाने तर घरी येऊन विचारले, या वयात धर्म बदलणार आहात का? मला त्याचे फार वाईट वाटले. माझ्या देवघरात रोज दिवा लागतो आणि तो लागत राहील. पण भाषेला असा पहारा का बसवायचा? याच सांगलीत माझ्या वर्गशेजारी अर्धमागधीचा, म्हणजे जैन आगमांच्या प्राकृत भाषेचा वर्ग भरायचा. जैन मुले बसायची, मराठ्यांची बसायची, एक मुस्लिम मुलगी तर दोनदा पहिली आली. कोल्हापूरला राजाराम महाविद्यालयात डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी अर्धमागधी शिकवली आणि त्यांच्या प्राकृताच्या व्यासंगाला जगाने मान दिला. आपल्याकडे शाळेत पाली शिकता येते, अरबी आणि फारसीही शिकता येते. मग हिब्रूनेच काय केले?

माझी ती विद्यार्थिनी आता एम.टीएच. ही धर्मशास्त्राची पदव्युत्तर पदवी करते आहे, विषय जुना करार, म्हणजे बायबलचा पहिला भाग. तिचे काम पाठचिकित्सेचे. मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांमध्ये १९४७ पासून जी गुंडाळी-हस्तलिखिते सापडली, त्यांत यशया या संदेष्ट्याचे एक संपूर्ण पुस्तक आहे, सात मीटरहून लांब. तोवर हाती असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा ते सुमारे हजार वर्षांनी जुने. दोन्ही शेजारी ठेवून ती शब्द न् शब्द ताडून पाहते. कुठे लेखनिकाची ओळ सुटली, कुठे अक्षर बदलले, कोणता पाठ मूळचा असावा. हे ती सांगत होती आणि मला पुण्याची भांडारकर संस्था दिसत होती. सुकथनकरांनी उभी केलेली पद्धत, १,२५९ हस्तलिखिते, १९६६ साली पुरी झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती. ज्या मातीत हे काम झाले तिथल्या मुलीला पाठभेद म्हणजे काय हे इंग्रजीतून शिकावे लागते.

शिक्षणाचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांसाठी एक प्रसंग. कवठेमहांकाळकडच्या एका छोट्या चर्चमध्ये तिला प्रभूच्या प्रार्थनेवर बोलायचे होते. मत्तयाच्या शुभवर्तमानात तिथे जो ग्रीक शब्द आहे त्याचा अर्थ कर्ज, देणे. येशूच्या बोलीत, म्हणजे अरामीत, 'होबा' या एकाच शब्दाला कर्ज आणि पाप असे दोन्ही अर्थ होते. लूकने आपल्या शुभवर्तमानात त्याच जागी पाप म्हटले आहे. मराठी बायबलने मत्तयात 'ऋणे' हा शब्द ठेवला तो किती नेमका आहे, हे तिने समजावून सांगितले. समोर सोसायटीचे कर्ज डोक्यावर असलेली माणसे बसली होती. एक म्हातारे गृहस्थ नंतर तिला म्हणाले, पोरी, हे रोज म्हणतो, आज कळलं.

आणखी एक, अगदी माझ्या मनातले. जुन्या करारातल्या एस्तेरच्या पुस्तकाची सुरुवात 'होद्दू'पासून आफ्रिकेतल्या कूशपर्यंत पसरलेल्या राज्याने होते. होद्दू म्हणजे आपला सिंधूकाठचा देश. पाच ओळी पुढे राजवाड्यातल्या पडद्यांचे वर्णन येते आणि त्यात शब्द येतो 'कर्पास'. कर्पास! संस्कृतातला कर्पास, आपला कापूस. माझे वडील माधवनगरच्या कापडगिरणीत होते. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवयांवर कापूस असायचा. तो शब्द हिब्रू अक्षरांत वाचला आणि पुस्तक मिटून मी थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभी राहिले.

आम्ही दोघींनी मराठीतून हिब्रू व्याकरणाची वही लिहायला घेतली आहे. बावीस धडे झाले. संज्ञा सगळ्या संस्कृत-मराठी व्याकरणातल्या. शिवाजी विद्यापीठाने संस्कृत आणि मराठी विभागांच्या मदतीने एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ज्या वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोश उभा केला, तिथल्या जाणकारांनी आमची परिभाषा तपासून द्यावी. विल्सन यांच्या त्या व्याकरणाची किंवा जुन्या हिब्रू-मराठी प्रार्थनापुस्तकांची प्रत कुणाच्या घरी, चर्चच्या कपाटात असेल तर वाळवीच्या तोंडी जाऊ देऊ नये, आम्हाला बघायला द्यावी.

वर्गखोली मिळाली नाही म्हणून शनिवारी दुपारी चार वाजता आम्ही माझ्याच घरी बसतो. सध्या पाच जण येतात: दोन पाळक, एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, संस्कृतच्या एम.ए.ची दोन मुले. जुन्या करारातले योनाचे पुस्तक चालू आहे, चारपैकी दुसरा अध्याय. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे आहे, कुणी विचारला तर जरूर द्यावा. येणाऱ्याने पेन्सिल आणि शंभर पानी वही आणावी. वही शेवटच्या पानापासून उघडायची आहे, हिब्रू उजवीकडून लिहितात.

आपली,
एक निवृत्त संस्कृत शिक्षिका
विश्रामबाग, सांगली