विसार देण्यापूर्वी

डेटन, ओहायो
12 मे 2013

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबत पाठवलेली दोन्ही विमानांची छायाचित्रे मिळाली. ह्यूस्टनजवळच्या हँगरमधले ते तयार होमबिल्ट, म्हणजे हौशी माणसाने स्वतः बांधलेले, विमान तुझ्या मनात भरले आहे हे पत्राच्या ओळीओळीत दिसते, आणि विमान आहेही देखणे. तरीही विसाराचा चेक फाडण्यापूर्वी हे पत्र शेवटपर्यंत वाच, कारण ज्या हेतूने तू ते विमान घेऊ पाहतोस, नेमक्या त्याच हेतूसाठी ते तुझ्या उपयोगाचे नाही.

तुझा बेत असा की, त्याचे नोंदलेले कमाल उड्डाणवजन 1,450 पौंड आहे ते 1,320 वर आणायचे, हवेत असताना पिच, म्हणजे पात्यांचा कोन, बदलता येणारा प्रोपेलर उतरवून स्थिर पिचचा लाकडी बसवायचा आणि नंतर मेडिकलच्या, म्हणजे वैमानिकाच्या वैद्यकीय प्रमाणपत्राच्या, भानगडीत न पडता, गाडीच्या लायसन्सवर लाइट स्पोर्ट या हलक्या विमानांच्या वर्गाच्या नियमांखाली उडायचे. कारागिरीच्या दृष्टीने यात अवघड काहीच नाही. घोडे पेंड खाते ते नियमात. एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेने, 2004 मध्ये घालून दिलेल्या मर्यादा तुला तोंडपाठ आहेतच: जमिनीवरून उडणाऱ्या विमानाला 1,320 पौंड, म्हणजे 600 किलो, समुद्रसपाटीला, इंजिन सतत देऊ शकेल त्या कमाल शक्तीवर, सरळ उड्डाणात फार तर 120 नॉट (ताशी सागरी मैल) वेग, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) न वापरता स्टॉल (ज्या वेगाखाली पंख विमानाला तोलू शकत नाहीत तो) 45 नॉटांच्या आत, दोनच आसने, एकच पिस्टन इंजिन, न मिटणारी चाके, आणि स्थिर किंवा जमिनीवरच पिच बदलता येईल असा प्रोपेलर. पण या यादीच्या आधी जे अर्धे वाक्य आहे ते बहुतेकांच्या नजरेतून सुटते. विमानाने पहिले प्रमाणपत्र मिळाल्या दिवसापासून या सर्व अटी अखंड पाळलेल्या असाव्यात, असे ते वाक्य सांगते. विमान आज कसे आहे एवढे पुरत नाही. ते एक दिवस जरी 1,450 पौंडांचे म्हणून नोंदले गेले असेल, तर ते या वर्गातून कायमचे बाद होते.

हे केवळ होमबिल्टपुरते आहे असेही समजू नकोस. जुन्या अर्कूप विमानांचे उदाहरण पाहा. त्यांचे 415-सी हे मॉडेल 1,260 पौंडांचे, म्हणून ते लाइट स्पोर्टमध्ये बसते. 1,400 पौंडांचे 415-डी बसत नाही. ज्या कोणा मालकाने पूर्वी कधी, चार पौंड सामान जास्त नेता यावे म्हणून, आपल्या सी विमानाची नोंद बदलून डी करून घेतली, त्याचे विमान आता पुन्हा सी केले तरी आत येत नाही. मला हा नियम कठोर वाटतो, पण तो स्पष्ट आहे, आणि त्यातून पळवाट शोधण्यात तुझे पैसे जावेत हे मला पाहवणार नाही.

म्हणून माझे लक्ष तुझ्या दुसऱ्या छायाचित्राकडे आहे, ज्याच्याविषयी तू जेमतेम दोन ओळी लिहिल्यास. ते अर्धवट किट, म्हणजे सुट्या भागांतून बांधायला घेतलेले विमान, अजून एकदाही प्रमाणित झालेले नाही, त्यामुळे त्याचा इतिहास कोरा आहे. होमबिल्टचे कमाल वजन बांधणाराच ठरवतो, आणि डिझायनरने 1,500 पौंड सुचवलेले असले तरी अर्जात 1,320 लिहिण्यापासून तुला कोणी अडवत नाही.

मात्र 1,320 लिहिणे सोपे आणि पाळणे कठीण. रिकामे विमान 780 पौंडांत बसले असे धर. 24 गॅलन पेट्रोलचे, गॅलनला 6 पौंडांप्रमाणे, 144 पौंड झाले. उरले 396, त्यात तू, वहिनी आणि दोन पिशव्या. पण किटसोबत जे लायकमिंग ओ-320 इंजिन मिळते आहे ते कॉन्टिनेन्टल ओ-200 पेक्षा पन्नास पौंडांहून अधिक जड आहे. ते तसेच बसवलेस तर हा हिशेब पहिल्याच दिवशी कोलमडेल. हलके इंजिन घेतलेस तर नाक हलके होऊन गुरुत्वमध्य मागे सरकेल, म्हणजे इंजिन आणखी पुढे नेण्यासाठी लांब माउंट (इंजिन धरणारी चौकट) आणि बदललेले काउलिंग (इंजिनावरचे आवरण) आले. ते डिझायनरला विचारूनच कर. वजन कमी करायचे ते गाद्यांत, रंगात, बॅटरीत, व्हॅक्यूम पंप आणि त्यावर चालणारी जुनी जायरोची उपकरणे वगळण्यात. स्पार, रिब (पंखाचा आडवा कणा आणि फासळ्या) आणि पत्र्याची जाडी यांना हात लावायचा नाही. झोडियाक सीएच 601 एक्सएल हे मुळात याच वजनाचे विमान, तरी हवेत पंख मोडण्याच्या घटनांनंतर 2009 मध्ये त्याच्या पंखांत मजबुतीचे बदल करावे लागले. हलके विमान म्हणजे कमी ताणाचे विमान, असा समज त्यानंतर कोणी बाळगू नये.

प्रोपेलरचे गणित मला फार आवडते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ओ-200 ची कमाल गती मिनिटाला 2,750 फेरे. प्रोपेलरचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो जेवढा पुढे जाईल ते अंतर, 54 इंच असेल तर कागदावर मिनिटाला 12,375 फूट, म्हणजे सुमारे 122 नॉट होतात. कागदावरचा पिच आणि पात्याचे हवेतील वर्तन यांत नेहमी अंतर असते, त्यामुळे हा आकडा फक्त सुरुवातीपुरता. जमिनीवर पिच बदलता येणारा प्रोपेलर घेतलास तर चाचणीच्या उड्डाणांत पिच थोडा थोडा बदलून, 2,750 फेऱ्यांवर वेग 120 च्या आत येईल असा बसवता येईल. शिवाय कमी पिचमुळे तुमच्याकडच्या उन्हाळ्यात विमान चढेलही चांगले. तो वेग काट्यावर दिसणारा नव्हे, तर दुरुस्त केलेला असायला हवा. चार दिशांना उडून जीपीएसच्या आकड्यांशी पिटोचा, म्हणजे हवेचा वेग मोजणाऱ्या नळीचा, आकडा ताडून पाहिल्याशिवाय तुझ्या काट्यावर विश्वास ठेवू नकोस.

हीच गोष्ट स्टॉलची. स्टॉलचा वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतो. डिझायनरने 1,500 पौंडांना, फ्लॅपशिवाय, 47 नॉट दिले आहेत. 1,320 ला ते 44.1 होतात. म्हणजे हाती एक नॉटसुद्धा उरत नाही, आणि कमी वेगाला पिटोची चूक त्याहून सहज मोठी असते. गुरुत्वमध्य सर्वांत पुढे असताना, पूर्ण वजनाला, ही चाचणी करावी लागेल. ती पुरेशा उंचीवर आणि अनुभवी वैमानिकाचा सल्ला घेऊन कर.

एक गोष्ट मनापासून सांगतो. कागदावर 1,320 आणि टाकी भरून, सामान कोंबून प्रत्यक्षात 1,420, असे उडणारे लोक आहेत. पंख सक्षम आहेत, मग बिघडले कुठे, असे ते म्हणतात. तू तसे करू नयेस. टाकी अर्धी भर, लांबच्या प्रवासात एक थांबा जास्त घे, पण जो आकडा तू सही करून लिहून दिलास तो पाळ.

मेडिकलविषयी: तुझे मागचे मेडिकल मुदत संपून गेले आहे, नाकारलेले नाही, हे फार बरे झाले. आता साखरेचे औषध बदलल्यावर सहज म्हणून नवा अर्ज करू नकोस. तो फेटाळला गेला तर गाडीच्या लायसन्सवर उडण्याची मुभाही जाते. तेलही गेले, तूपही गेले अशी गत. अर्थात प्रकृती उड्डाणाला योग्य आहे की नाही हे प्रत्येक वेळी ठरवण्याची जबाबदारी तुझ्यावरच राहते, तेव्हा तुझ्या डॉक्टरांशी आडपडदा न ठेवता बोल.

किटच्या मालकाकडून बांधकामाची वही आणि टप्प्याटप्प्याची छायाचित्रे मागून घे. निम्म्याहून अधिक काम हौशी हातांनीच झाले आहे हे त्याशिवाय सिद्ध करता येणार नाही. स्पारच्या रिव्हेटांची जवळून काढलेली छायाचित्रे मला पाठव. रिव्हेटच्या डोक्याखाली नख जाईल एवढी जरी फट दिसली, तरी तेवढा भाग उकलून पुन्हा करावा लागेल आणि किंमत त्या हिशेबाने पाडून मागता येईल. वही हाती येईपर्यंत विसार देऊ नकोस. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मला सुट्टी आहे. तोवर व्यवहार थांबला तर मी येतो आणि आपण दोघे मिळून ते किट पाहू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर