नाणं टाकसाळीत बिघडलं की बाहेर आल्यावर, एवढं तरी बघून छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुम्ही एका "दुर्मिळ" नाण्याचा फोटो छापलाय, रुपयाचं नाणं, सिंहांच्या बाजूवर एकाचा आकडा उलटा आणि आत दबलेला, आणि खाली लिहिलंय की ही मिंट एरर, म्हणजे टाकसाळीत झालेली चूक आहे आणि अशी नाणी लाखाला जातात. साहेब, ती एरर नाही. फोटो नीट बघा, त्या उलट्या आकड्याखालून सिंहांचे पंजे अजून दिसतायत. दोन नाणी एकावर एक ठेवून कोणीतरी व्हाइसमध्ये, म्हणजे लोखंडी शिकंजात आवळलीत.

एवढं ठाम सांगतोय कारण मी एकतीस वर्षं कुपवाड एमआयडीसीत प्रेस शॉपला काढलीत, डाय सेटिंग हेच काम, आणि नाणी जमवायचा नाद शाळेपासूनचा. आणि नाणं म्हणजे शेवटी प्रेसचाच जॉब की. धातूची पट्टी येते, तिच्यातून चकत्या पडतात, चकतीची कड उचलून घेतात, मग खाली एक डाय म्हणजे कोरलेला ठसा, वर एक डाय, भोवती कॉलर म्हणजे कडं आणि एक ठोका. टाकसाळीत जी चूक होणार ती ह्यातल्याच कुठल्या तरी पायरीला होणार. म्हणून विचित्र नाणं हातात आलं की मी आधी एकच बघतो, हे प्रेसमध्ये होऊ शकतं का, आणि होत असेल तर नेमकं कुठं. पायरी सापडली नाही तर ते नाणं बाहेर आल्यावर कुणाच्या तरी हातोड्याखाली नाहीतर रेल्वेच्या चाकाखाली गेलंय असं धरून चालायचं.

साधी गोष्ट घ्या, नाण्यावर रेघ आहे. ती वर उठलीय का खोल गेलीय? नख फिरवलं तरी कळतं. डायला तडा गेला की ठोक्याच्या वेळी धातू त्या तड्यात शिरतो आणि नाण्यावर केसासारखी उठलेली रेघ येते, अक्षरावरून तशीच पुढं जाते. ओरखडा मात्र खोल जातो आणि त्याच्या काठाला सरकलेल्या धातूचा बारीक बांध उभा राहतो, नांगराच्या तासाला राहतो तसा. भिंग असेल तर तो बांध अगदी स्पष्ट दिसतो.

आता हे सगळं लिहायला का बसलो ते सांगतो. आमच्या गल्लीत एक मावशी आहेत, त्यांच्या देवघरात राणीछाप रुपया आहे, १८९२ सालचा. सासूबाईंच्या वेळेपासून दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या ताटात असतो आणि त्याआधी दरवेळी चिंच आणि राख लावून लख्ख घासला जातो. इतकी वर्षं घासून राणीचा गाल, नाक, केस सगळं सपाट झालंय. मावशींच्या नातवानं फोटो कुठंतरी टाकला आणि दोन दिवसांत एका माणसाचा फोन आला, की ही बिनचेहऱ्याची राणी आहे, मिंट एरर आहे, तीन लाख देतो, फक्त रजिस्ट्रेशनचे अडीच हजार आधी भरा. मावशींनी भरले. मग जीएसटीचे म्हणून अजून सहा हजार मागितले तेव्हा त्या नाणं घेऊन माझ्याकडं आल्या.

मी ते काट्यावर ठेवलं. राणीछाप रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम, आपल्याकडं जुनी माणसं "रुपयाभार" म्हणतात ते ह्याच्यावरूनच. हा भरला ११.२० ग्रॅम. म्हणजे जवळजवळ अर्धा ग्रॅम चांदी चिंचेबरोबर मोरीत वाहून गेलीय. भिंगातून बघितलं तर जे जे उंच ते गेलंय, गाल गेला, मुकुट गेला, आणि जे खोल ते शाबूत, अक्षरांच्या फटीत अजून कुंकू बसलेलं. झीज अशीच होते, उंचावरून खाली. टाकसाळीत डायच्या खोबणीत ग्रीस आणि धातूचा चुरा भरला तर तिथलं अक्षर उमटत नाही हे खरंय, पण मग तेवढाच भाग गायब असतो, शेजारचं अक्षर धारदार असतं, कड भरलेली असते आणि वजन पूर्ण भरतं. मावशींना हे समजावून सांगितलं तेव्हा त्या अडीच हजारांपेक्षा "मी घासून घासून घालवला होय" ह्याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं. मलाही वाटलं.

तुम्ही छापलंय तशा नाण्याचा खरा प्रकार असतो, नाही असं नाही. बाजारात त्याला लखी म्हणतात, घरात ठेवलं की लक्ष्मी येते असा समज आहे म्हणून मागणी पण असते. होतं असं की ठोकलेलं नाणं बाहेर न पडता एका डायला चिकटून राहतं, त्याच्यावर पुढची कोरी चकती येते, मग त्या चकतीच्या एका बाजूला बरोबर छाप आणि दुसऱ्या बाजूला चिकटलेल्या नाण्याची उलटी, दबलेली छाप येते. म्हणजे खऱ्या लखीत दोन्हीकडं एकच चित्र असतं, एकीकडं सुलटं उठलेलं आणि एकीकडं उलटं दबलेलं. तुमच्या फोटोतल्या नाण्यावर सिंह आणि आकडा दोन्ही एकाच बाजूला आहेत, असं व्हायला चकती आधी कोरी नव्हतीच. आणि व्हाइसमध्ये आवळलेल्या नाण्याची मागची बाजू चपटी होते, ती बाजू तुम्ही छापलीच नाही.

कड कापलेल्या नाण्यांचंही तसंच. पट्टी नीट पुढं सरकली नाही तर चकत्या पाडणारा पंच आधीच्या भोकावर थोडा चढतो आणि चकतीला चंद्रकोरीसारखा घास पडतो, आमच्या शॉपला फीड चुकला की असे जॉब रोज स्क्रॅपमध्ये दिसायचे. पण त्या घासाजवळची अक्षरं तिकडं ओढल्यासारखी लांबलेली, पातळ दिसतात, आणि बरोबर समोरच्या बाजूची कड पण बऱ्याचदा अशक्त असते कारण कड उचलताना तिथं दाब मिळालेला नसतो. कानशीनं घासलेलं असेल तर अक्षर सुरीनं कापल्यासारखं मध्येच तुटतं आणि समोरची कड ठणठणीत. दहा रुपयाच्या दोन रंगांच्या नाण्यात पण हेच, आतली चकती आणि बाहेरची रिंग एकाच ठोक्यात जोडली जातात, त्यामुळं चकती खरोखर सरकलेली असेल तर छाप दोन्ही धातूंवरून सलग जाते. हातोड्यानं चकती पाडून परत बसवली असेल तर चित्र जुळत नाही.

आपल्या सांगलीत तर २०१९ च्या महापुरानं वेगळाच घोळ करून ठेवलाय. किती घरांतल्या ट्रंका आठवडाभर पाण्यात होत्या, त्यातली अॅल्युमिनियमची तीन पैसे, पाच पैसे पांढरी पडून खड्ड्याखड्ड्यांची झालीत, आणि लोक ती घेऊन येतात की बघा, धातूचा पापुद्रा सुटलाय, एरर आहे. पापुद्रा सुटतो तेव्हा खाली पट्टीच्या लांबट रेघा दिसतात, असे गोल खड्डे नाही. पाण्यानं खाल्लंय ते.

आणि एक, सालाखालच्या खुणा. त्या नाणं कुठल्या टाकसाळीचं ते सांगतात: बारका चौकोन म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, गोल ठिपका म्हणजे नोएडा आणि काहीच नाही म्हणजे कोलकाता. ठिपका आहे म्हणून किंवा ठिपका नाही म्हणून नाणं एरर होत नाही.

शिवराईचं, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाच्या तांब्याच्या जुन्या नाण्याचं तर बोलायलाच नको. साताऱ्याला एकानं मला "एरर शिवराई" म्हणून दाखवली, "श्री राजा शिव"मधला शिव बाहेर गेलेला. अहो, शिवराई हातानं ठोकायचे, तांब्याचा तुकडा लहान आणि ठसा मोठा, अक्षरं बाहेर जाणारच, सगळी अक्षरं नीट आत बसलेली मिळाली तर तीच जपून ठेवावी अशी. हातानं ठोकलेल्या नाण्याला प्रेसचे नियम लावून लोकांच्या खिशात हात घालणं मला तरी सहन होत नाही. १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया पण असाच एरर म्हणून विकतात, राजाच्या अंगावरच्या साखळीतला हत्ती डुकरासारखा दिसायला लागला म्हणून तो मागं घेतला आणि १९१२ ला सोंड नीट काढली. पण तो डाय कोरणाऱ्याचा प्रश्न होता, प्रेसनं जे कोरलं तेच बरोबर उमटवलं.

तर माझी विनंती अशी की त्या बातमीचा खुलासा त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात द्या. सोबत हेही छापा की रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय, की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही, त्यासाठी कसले चार्जेस किंवा कमिशन मागत नाही आणि कुणाला तसा अधिकार दिलेला नाही. मावशींना आलेल्या फोनवर बँकेचंच नाव सांगितलं होतं. आणि जुनी नाणी चिंच, लिंबू, ब्रासो कशानंही घासू नका हे ठळक टाका, कारण खरी एरर असली तरी घासल्यावर तिची किंमत उतरते.

माझ्याकडं घास पडलेलं एक खरं नाणं आणि कानशीनं केलेलं एक, अशी जोडी आहे. शनिवारी दुपारी ऑफिसला घेऊन येतो, शेजारीशेजारी ठेवून फोटो काढा, दोन्ही बाजूंचे काढा. मावशींचा रुपया पण आणतो, त्या द्यायला तयार आहेत, फक्त दिवाळीच्या आत परत पाहिजे म्हणाल्यात.

आपला,
एक जुना वाचक, विश्रामबाग, सांगली