सोप्या वाटेची उंची

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळांच्या परीक्षा संपत आल्या की ‘हिमालयातील कुरणांचा चार दिवसांचा सोपा ट्रेक, नवशिक्यांसाठी उत्तम’ अशा मजकुराची पत्रके आमच्या अमळनेरातही हातोहात फिरू लागतात. गेल्या मे महिन्यात अशाच एका सहलीबरोबर आम्ही घरचे सात जण उत्तराखंडमधील उत्तरकाशी जिल्ह्यातल्या दयारा बुग्यालला जाऊन आलो. त्या वाटेला सोपी म्हणण्यात खोटे काही नाही. पण ती कशाच्या बाबतीत सोपी आहे आणि कशाच्या बाबतीत नाही, हे कोणी सांगत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

झाडांची रेषा संपते तिथून वर पसरलेल्या गवताळ उतारांना गढवालात बुग्याल म्हणतात. दयारा सुमारे ३,४०० मीटरवर आहे. रैथल किंवा बारसू या गावांपासून पायवाट निघते आणि खरसू, बुरांस या झाडांच्या रानातून हळूहळू वर चढते. कुठे दोर लागत नाही, कड्याच्या काठाने जावे लागत नाही आणि चार दिवसांत मिळून चाल वीस-बावीस किलोमीटरची होते. ज्याने दिवाळीत सातपुड्यातल्या अस्तंबा डोंगराची यात्रा पायी केली आहे, त्याच्या पायांना ही वाट मुळीच जड जाणार नाही. रान संपून एकाएकी समोर हिरवळ उघडते आणि तिच्यापलीकडे बंदरपूंछ हे हिमशिखर दिसते, तेव्हा मे महिन्यात ४४ अंशांतून आलेल्या खान्देशी माणसाला काय वाटते, ते मी शब्दांत मांडू पाहत नाही.

प्रश्न पायांचा नाही, हवेचा आहे. तापीकाठची आपली गावे समुद्रसपाटीपासून २०० मीटरच्या आसपास आहेत. आपल्याकडचे थंड हवेचे ठिकाण म्हणजे तोरणमाळ, तेही साधारण ११५० मीटर. ज्या रैथलहून चालायला सुरुवात होते, ते गावच तोरणमाळच्या जवळपास दुप्पट उंचीवर आहे. दयाराच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांश उरतो आणि प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी होतो. अशा हवेची सवय व्हायला शरीराला दिवस लागतात, आणि रोज व्यायाम करणाऱ्यालाही त्यात सूट मिळत नाही. विरळ हवेचा त्रास २,५०० मीटरपासून सुरू होऊ शकतो, आणि ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, असे या विषयातले डॉक्टर सांगतात. आमच्या पत्रकात यातले एक अक्षर नव्हते. ‘गरम जेवण, स्लीपिंग बॅग, प्रमाणपत्र’ एवढे मात्र ठळक छापलेले होते.

भुसावळहून गाडीत बसल्यापासून चौथ्या रात्री आम्ही तीन हजार मीटरच्या जवळपास तंबूत झोपलो होतो. माझे धाकटे बंधू पंचेचाळिशीचे, रोज पहाटे शेतापर्यंत चालत जाणारे, आमच्यात सर्वांत काटक. त्यांचेच डोके दुखू लागले, ताटातली खिचडी नको झाली आणि रात्री दोनदा उलटी झाली. उन्हातून आल्यामुळे पित्त झाले असेल, असे म्हणून आम्ही त्यांना लिंबू-साखर देत राहिलो. (आपल्याकडे प्रत्येक डोकेदुखीचे मूळ पित्तातच शोधण्याची रीत आहे.) सहलीचा प्रमुख, पंचविशीतला मुलगा, उद्या वर गेल्यावर बरे वाटेल, असे सांगत होता. खेचरे हाकणारा रैथलचा एक म्हातारा मात्र त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाला की यांना आत्ताच खाली न्या. सकाळी उजाडताच मी त्यांना घेऊन उतरलो आणि संध्याकाळी रैथलला ते स्वतःहून दोन पोळ्या मागून जेवले. खाली उतरणे हाच यावरचा खरा उपाय आहे, हे मला नंतर आमच्या डॉक्टरांनी समजावले. चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर ती मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज आल्याची खूण असू शकते आणि तेव्हा सकाळचीही वाट पाहायची नसते, हेही त्यांनीच सांगितले. उंचीवरच्या या त्रासासाठी मिळणारी गोळी दुकानातून परस्पर घेऊ नये, कारण ती सर्वांनाच चालते असे नाही.

थंडीचाही हिशेब असाच राहून जातो. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे आपल्या अंगणातून त्या कुरणापर्यंत वीस अंशांचा फरक केवळ उंचीमुळेच पडतो. रात्र, वारा आणि पाऊस यांचा भाग वेगळा. २०२४ च्या जूनमध्ये याच जिल्ह्यातल्या सहस्रतालच्या वाटेवर हवा बिघडून कर्नाटकातले नऊ जण दगावले. ती वाट दयारापेक्षा बरीच उंच आणि अवघड आहे हे खरे, पण महिना आपल्याच सुट्यांच्या लगतचा होता.

सोपेपणाचा बोलबाला झाला की गर्दीही वाढते, आणि बुग्यालांची माती उघडी पडली की गवत पुन्हा धरायला फार काळ लागतो. म्हणूनच उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्यालांवर रात्रीचा मुक्काम करण्यास मनाई केली आणि पर्यटकांच्या संख्येवरही मर्यादा घातली. ‘कुरणावर ताऱ्यांखाली मुक्काम’ असे छापणाऱ्यांना हे कोणी तरी विचारायला हवे.

सहल काढणाऱ्यांनी पत्रकात प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाची उंची छापावी आणि रैथलला एक रात्र जास्त ठेवावी, मग खर्च थोडा वाढला तरी चालेल. आपल्या दैनिकाच्या सुट्यांच्या पुरवणीत अशा सहलींची माहिती येते, तेव्हा भाड्याच्या आकड्याशेजारी त्या मुक्कामांच्या उंचीचा आकडाही द्यावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, अमळनेर (जि. जळगाव)