अकरा गाद्या

प्रिय दिल्या,

तुझ्या पत्राला महिना झाला. उत्तर लांबलं, कारण तुझा मित्र आता पोरांच्या वसतिगृहाचा गृहपती झालाय. हास लेका! बोर्डिंगच्या कोठीतून गूळ-शेंगदाणे लांबवणाऱ्याच्या कमरेला आता त्याच कोठीसारख्या कोठीची किल्ली आहे. साठ पोरं, दोन स्वयंपाकिणी आणि रोज वांग्यावरून भांडण.

मागच्या रविवारी लग्नाच्या निमित्तानं अमळनेरला गेलो होतो. पंगत आटोपली नि प्रताप हायस्कूलकडे वळलो. नाव मिलवाल्या प्रतापशेठांचं. माणूस अजब बघ. गिरणी चालवणाऱ्यानं १९१६ साली गावात तत्त्वज्ञान मंदिर काढलं! तिथं वेदान्त शिकायला पालगडचा एक कोकणी तरुण आला. त्यात मन रमेना, म्हणून १९२४ला तो या शाळेत मास्तर झाला, पुढं छात्रालय सांभाळू लागला. आपले साने गुरुजी. ब्रह्म शोधायला आले आणि हाती लागले पोरांचे मळके सदरे!

सांगतात की पोरं शाळेत गेली की ते खोल्या झाडायचे, पसारा आवरायचे, कपडे धुवायचे, आजाऱ्याच्या उशाशी बसायचे. बोलायचे काहीच नाहीत. आपल्या वेळच्या सरांची ती पितळी पट्टी आठवते ना? तळहात आत्ताही चुरचुरला बघ. शाळेला पैसा शेठजी देतात, कमिटी ठराव करते, पण बोर्डिंग म्हणजे शेवटी गृहपती कसा आहे तेच, असं मला आता वाटतं. आणि हे सगळं जेमतेम सहा वर्षांत. १९३०ला नोकरी सोडून गुरुजी सत्याग्रहात गेले.

परत आल्यावर मलाही भूत लागलं. आठवीतला एक यावलकडचा पोरगा गादी कधीच गुंडाळत नाही. ठरवलं, आपण गुंडाळायची, बोलायचं नाही. तीन दिवस गुंडाळली. चौथ्या दिवशी शेजारच्या दोघांच्याही गाद्या तशाच! आठव्या दिवशी मोजल्या, अकरा. भो, माझी कंबर काही पालगडची नाही. चिडून शिपायाला छडी आणायला सांगणार होतो, जीभ चावली.

दुसरं खूळ म्हणजे भिंतीवरचं दैनिक. गुरुजी पोरांसाठी ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढायचे, रोज, शाळेचं काम सांभाळून. भराभर लिहायचा तो सरावच १९३२ला धुळ्याच्या तुरुंगात उपयोगी पडला असणार. विनोबा गीतेवर बोलायचे, हे उतरवून घ्यायचे. मी आपला आठवड्यातून एकदा एक कागद चिकटवतो. पहिल्या अंकात कापसाचा भाव, सातपुड्यातला पाऊस आणि उद्या कळण्याची भाकरी, अशी बातमी होती. संध्याकाळी बघतो तर कुणीतरी पेन्सिलीनं खाली लिहिलेलं: ‘ठेचा कमी तिखट करा. आणि सर, सातपुडाचा पु ऱ्हस्व असतो.’ दीर्घ लिहिला होता खरा! अक्षर त्या यावलवाल्याचंच. दुसऱ्या अंकाचा संपादक त्यालाच नेमलाय.

गाद्यांचं विचारशील म्हणून सांगतो. काल सकाळी पाच होत्या. त्यातली एक संपादकाचीच.

दिवाळीत येशील तेव्हा इथंच उतर. भरीत मी करीन, वांगी तू भाजायची.

तुझाच,
बाळ्या